धडा गोष्टीसारखा सांगून पाहता का?

रानवाट

अभ्यास करणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढतेय. कॉलेजातले, नोकरी सांभाळून परीक्षा देणारे, मुलांचा अभ्यास घेणारे, कुणीही या.

माझी पद्धत आधी सांगते. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि तो कुणाला तरी गोष्टीसारखा सांगायचा. ऐकायला कुणी नसेल तर भिंतीला. मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन असं करायचं नाही. आधी काय होतं, मग कुठे अडलं, त्या अडण्यापायी कुणी काय करून पाहिलं, त्यातून काय निघालं, असं सांगायचं. मोठ्याने आणि पूर्ण वाक्यांत.

गोष्टीमुळे लक्षात राहतं असं सगळेच म्हणतात. राहतंच. १९६९ साली गॉर्डन बावर आणि मायकल क्लार्क यांनी विद्यार्थ्यांना दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या दिल्या होत्या. एका गटाने प्रत्येक यादीतले शब्द गुंफून गोष्ट रचायची, दुसऱ्याने नुसतं पाठ करायचं. शेवटी सगळ्या याद्या एकदम विचारल्या तेव्हा गोष्ट रचणाऱ्यांना सुमारे ९३ टक्के शब्द आठवले, बाकीच्यांना सुमारे १३ टक्के. पण मला आठवणीपेक्षा दुसऱ्याच फायद्याबद्दल बोलायचंय. गोष्ट सांगताना आपल्याला काय कळलेलं नाही ते सापडतं.

२००२ सालचा लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांचा एक अभ्यास आहे. त्यांनी लोकांना विचारलं, शिवणयंत्र कसं चालतं, कपड्याची चेन कशी बंद होते, हे तुम्हाला कितपत कळतं? लोकांनी स्वतःला बऱ्यापैकी गुण दिले. मग सांगितलं, आता पायरी-पायरीने लिहून दाखवा. लिहून झाल्यावर पुन्हा गुण द्यायला सांगितले, तर ते खाली आले. पण सिनेमाच्या कथानकांवर असाच प्रयोग केला तेव्हा लोकांचा स्वतःबद्दलचा अंदाज असा गडगडला नाही. एखाद्या सिनेमाची गोष्ट मधूनच आठवेनाशी झाली तर आपल्याला ते सरळ कळतं. शिवणयंत्राच्या बाबतीत मात्र अर्धवट कळलेलं पूर्ण कळल्यासारखं वाटत राहतं. मग धड्याचीच गोष्ट केली तर?

प्रकाशसंश्लेषण घ्या. हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड, पाणी, अन्न तयार होते, पूर्णविराम. हे वाक्य झोपेतसुद्धा म्हणता येतं. आता गोष्ट ऐका.

सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट व्हॅन हेलमाँटने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती एका कुंडीत भरली आणि ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. धूळ पडू नये म्हणून कुंडीवर झाकण घातलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. मग झाड उपटून तोललं तर ते १६९ पौंडांच्या वर भरलं. माती पुन्हा वाळवून तोलली, ती कमी झाली होती जेमतेम २ औंस.

इथे सांगणाऱ्याला थांबताच येत नाही. एवढं लाकूड आलं कुठून? मातीतून तर नाही. हेलमाँट म्हणाला, पाण्यातून. त्याने दुसरं काही घातलंच नव्हतं, तेव्हा त्याचं म्हणणं रास्तच होतं. पुढे १७७१ साली जोसेफ प्रीस्टलीने बंद भांड्यात मेणबत्ती विझेपर्यंत जळू दिली, त्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली आणि काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळाली. म्हणजे झाड हवेशी काहीतरी देवाणघेवाण करतं. पण हा प्रयोग दरवेळी साधेना. का साधेना? १७७९ साली यान इंगेनहाउसने दाखवलं की उजेड लागतो, आणि हे काम झाडाचे हिरवे भागच करतात. १८०४ साली निकोला-थिओडोर द सोस्यूरने मोजमापं घेऊन दाखवलं की झाडाच्या वाढलेल्या वजनात हवेतला कार्बन असतो आणि पाण्याचाही वाटा असतो.

त्या एका वाक्यातला एकेक शब्द म्हणजे कुणाच्या तरी अडलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. सांगताना सोस्यूरला गाळा, ऐकणारा लगेच विचारेल, मग शेवटी हवा की पाणी? व्याख्या म्हणताना तो प्रश्न कधीच कुणी विचारत नाही.

तुम्ही असं काही करता का? कुठल्या विषयात जमतं, कुठे अजिबात जमत नाही?

कंदील

धागा आवडला. भिंतीला सांगण्याला पूर्ण अनुमोदन.

फक्त एक शंका. हा फायदा गोष्टीचा की समजावून सांगण्याचा? मिशेलिन ची या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणावरचा उतारा दिला होता. एका गटाने प्रत्येक वाक्यानंतर थांबून ते स्वतःला समजावून सांगायचं, दुसऱ्या गटाने तोच उतारा दोनदा वाचायचा. समजावून सांगणाऱ्यांची समज जास्त वाढली. त्यात गोष्ट वगैरे काही नव्हती. हृदयाचा कप्पा, झडप, फुप्फुसं, एवढंच. मग नायक, अडचण हे सगळं हवंच कशाला?

रानवाट

कंदील, प्रश्न रास्त आहे. रक्ताभिसरणात क्रम आयताच मिळतो, रक्त इथून तिथे जातं. तो प्रवासच आहे, त्याला वेगळी गोष्ट लागत नाही. पण आवर्तसारणी, राज्यघटना, अर्थशास्त्रातली मागणी आणि पुरवठा, हे पुस्तकात आडवं पसरलेलं असतं. तिथे कशानंतर काय सांगायचं हे आपल्याला ठरवावं लागतं, आणि ते ठरवतानाच कशामुळे काय झालं ते शोधावं लागतं. मला गोष्ट हवी असते ती त्यासाठी.

साशंक

विरोधी सूर लावतोय, राग नसावा.

गोष्टीतलं भोक दिसतं हे मान्य. पण गोष्ट सांगणारा ते भोक बुजवतोही, आणि बुजवलं हे त्याला कळतसुद्धा नाही. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली आपले प्रयोग पुस्तकरूपात मांडले. त्यांनी केंब्रिजमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून लिहायला लावली. पुन्हा काही काळाने पुन्हा. कथेत भुतं होती, ती बऱ्याच जणांच्या लिखाणातून गळाली. कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद नाव होती, तिची साधी होडी झाली. सीलच्या शिकारीचं मासे पकडणं झालं. मरणाऱ्या माणसाच्या तोंडातून काहीतरी काळं बाहेर येतं असं मूळ कथेत होतं, कुणी त्याचा तोंडाला आलेला फेस केला. प्रत्येकाने आपल्याला पटेल अशी कथा करून घेतली, आणि जे पटेना ते टाकून दिलं.

विद्यार्थी धड्याचं नेमकं हेच करणार. किंबहुना धडे लिहिणाऱ्यांनीही हेच केलंय. न्यूटनच्या डोक्यात सफरचंद पडलं असं किती जणांना वाटतं! विल्यम स्टकलीने न्यूटनशी १७२६ साली बागेत झालेल्या बोलण्याची हकिकत लिहून ठेवली आहे. त्यात झाडावरून पडणारं सफरचंद आहे, ते सरळ खालीच का पडतं हा विचार आहे. डोकं नाही. आर्किमिडीज न्हाणीघरातून ओरडत धावला, ही कथा आपल्याला मिळते व्हिट्रुव्हियसकडून, म्हणजे आर्किमिडीजनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. तरंगणाऱ्या वस्तूंवरचा आर्किमिडीजचा स्वतःचा ग्रंथ उपलब्ध आहे, त्यात प्रमेयं आहेत, न्हाणीघर नाही.

चांगली जमलेली गोष्ट पुन्हा तपासावीशी वाटत नाही, मला भीती त्याची आहे. नुसत्या मुद्द्यांची यादी निदान कोरडी असते, तिच्यात खोटं मिसळायला जागा कमी.

रानवाट

साशंक, राग कसला, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. बार्टलेटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच सांगून झालं की पुस्तक उघडणं हा माझ्या पद्धतीचा अर्धा भाग आहे. उघडल्यावर मी काय विसरले ते शोधतेच, पण त्याहून जास्त लक्ष याकडे देते की माझी गोष्ट पुस्तकापेक्षा जास्त सरळ कुठे झाली. जिथे सरळ झाली तिथे बहुतेक काहीतरी गळालेलं असतं.

मेंडेलीव्हचं उदाहरण घेते, कारण ही गोष्ट सगळेच फार गुळगुळीत सांगतात. १८६९ साली त्याने तेव्हा माहीत असलेली मूलद्रव्यं मांडली, मधे जागा रिकाम्या सोडल्या, पुढे त्या जागी बसणारी मूलद्रव्यं सापडली, सगळ्यांनी मान डोलावली. संपलं.

आता पुस्तक उघडून बघा. ॲल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या जागेत बसणाऱ्या मूलद्रव्याची घनता सुमारे ५.९ ते ६ असेल असं मेंडेलीव्हने आधीच लिहून ठेवलं होतं. १८७५ साली लकॉक द ब्वाबोद्राँला गॅलियम सापडलं आणि त्याने घनता मोजली तर ती भरली ४.७. इथे गोष्ट खरी रंगते. ज्याने तो धातू कधी पाहिलाही नव्हता त्या मेंडेलीव्हने कळवलं की मोजमाप पुन्हा करा. ब्वाबोद्राँने नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजलं, आणि या वेळी उत्तर आलं ५.९. आवर्तसारणी म्हणजे नुसतं कपाट लावणं नव्हतं, तिच्या जोरावर प्रयोगशाळेतलं मोजमाप चुकलंय असं सांगता येत होतं. हे मला या एका प्रसंगाने जितकं कळलं तितकं गुणधर्मांच्या तक्त्याने कळलं नव्हतं.

आणि गोष्ट इथेच संपवली तर पुन्हा गुळगुळीत होते. निष्क्रिय वायूंसाठी मेंडेलीव्हने जागा सोडलीच नव्हती. १८९४ साली आर्गॉन सापडला तेव्हा हे नवं मूलद्रव्य आहे हे मानायला तो तयार नव्हता, नायट्रोजनचाच तीन अणूंचा प्रकार असेल असं त्याला वाटत होतं. हा भाग सांगितला की ज्या स्तंभाला आपण आज डोळे मिटून 'गट १८' म्हणतो तो किती उशिरा आला हेही आपोआप लक्षात राहतं.

यादीत खोटं मिसळत नाही हे खरं. पण यादीत ४.७ हा आकडा कधी येणारही नाही. चुकलेल्या मोजमापाला यादीत जागा नसते.

पागोळी

पहिल्यांदाच लिहितेय इथे, वाचते नेहमी.

मला एक अडचण विचारायची आहे. माझं शिक्षण ज्या भाषेत चाललंय ती माझी घरची भाषा नाही. वाचते त्या भाषेत, परीक्षाही त्याच भाषेत, आणि कळतं मात्र मराठीत. रानवाट म्हणते तसं सांगायला बसले की अर्धं वाक्य इकडचं, अर्धं तिकडचं होतं. कुणी म्हणतं, परीक्षेच्या भाषेतच विचार करायची सवय लाव. तसं केलं की माझ्या तोंडून पुस्तकातलीच वाक्यं बाहेर पडतात आणि समजलंय की पाठ झालंय हे मलाच कळेनासं होतं. तर ही गोष्ट सांगायची कोणत्या भाषेत?

कोरा कागद

पागोळी, स्वागत. लिहित राहा.

ज्या भाषेत तुला भांडता येतं, त्या भाषेत आधी सांग. संज्ञा जशाच्या तशा राहू देत, त्यांचं मराठी करत बसू नकोस. मात्र क्रियापदं आणि जोडणारी वाक्यं तुझी असू देत. मग थोड्या वेळाने तोच भाग परीक्षेच्या भाषेत नव्याने सांग. पहिल्या सांगण्याचं भाषांतर करू नकोस, पुन्हा सुरुवातीपासून सांग. दुसऱ्यांदा कुठे अडलीस ते बघ. मराठीत सुरळीत गेलं आणि तिकडे अडलं, तर भाषा कमी पडतेय. दोन्हीकडे एकाच ठिकाणी अडलं, तर विषय कळलेला नाही. या दोन अडचणींवरचे उपाय वेगळे आहेत आणि बरेच विद्यार्थी आयुष्यभर त्यांची गल्लत करतात.

मोठ्याने सांगण्याचं कारणही सांगतो. लेव्ह व्हिगोत्स्की या मानसशास्त्रज्ञाचं विचार आणि भाषा यांवरचं पुस्तक १९३४ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. त्यात त्याने मनातल्या मनात चालणाऱ्या बोलण्याबद्दल लिहिलंय. ते बोलणं फार त्रोटक असतं. आपण कशाबद्दल विचार करतोय ते आपल्याला माहीतच असतं, त्यामुळे कर्ता गळतो आणि नुसतं विधेय उरतं. मनात अशी अर्धीमुर्धी वाक्यं चालतात आणि आपल्याला वाटतं, कळलं. दुसऱ्याला सांगायचं म्हटलं की कुणी केलं, कशाला केलं, कशानंतर केलं हे सगळं भरावं लागतं.

यात मराठी पाठ्यपुस्तकांच्या भाषेचाही दोष आहे आणि मला तो मनापासून खटकतो. 'असे आढळून आले', 'असे मानले जाते', 'हे सिद्ध करण्यात आले'. अरे, कुणाला आढळलं? कोण मानतं? वाक्य वाचून होतं आणि माणूस कुठेच भेटत नाही. गोष्ट सांगणाऱ्याला ही पळवाट नाही, कारण ऐकणारा 'कुणी?' म्हणून विचारतोच. तेव्हा पागोळी, पुस्तकातलं असं वाक्य तोंडात आलं की तिथेच थांब आणि त्याला कर्ता शोध. तुझं तुलाच कळेल पाठ झालंय की समजलंय.

पागोळी

दोन्हीकडे एकाच जागी अडतं का हे बघणं, हे मला कधीच सुचलं नव्हतं. आज संख्याशास्त्राच्या धड्यावर करून बघते. खूप आभार.

खडूफळा

बरीच वर्षं विज्ञान शिकवतोय, म्हणून थोडं लांबवतो.

कोरा कागद यांचा कर्ता शोधण्याचा मुद्दा उत्तम आहे, फक्त विज्ञानात तो एका ठिकाणी अंगाशी येतो. जिथे कर्ता नाही तिथेही गोष्ट कर्ता उभा करते आणि त्याला इच्छा चिकटवते. उत्क्रांतीचा धडा मुलांना सांगायला लावा. दहातले बरेच जण सांगतील की जिराफाला उंचावरची पानं हवी होती म्हणून त्याने मान ताणली आणि मग ती लांब झाली. गोष्ट म्हणून एकदम चोख, नायक आहे, गरज आहे, प्रयत्न आहे, फळ आहे. नैसर्गिक निवड म्हणून साफ चूक. एका जिराफाला नायक केलं की ही चूक होणारच. मी मुलांना सांगतो, नायक बदला. तुमचा नायक आहे अख्खा कळप, आणि गोष्ट चालते ती शेकडो पिढ्या. कळपात मुळातच काहींच्या माना थोड्या लांब, काहींच्या आखूड. कुणाला जगायला आणि पिल्लं वाढवायला थोडं सोपं गेलं, कुणाला अवघड. पुढच्या पिढीत लांब माना थोड्या जास्त. कुणी काही ताणलं नाही, कुणाला काही हवं नव्हतं. ही गोष्ट सांगायला अवघड जाते, कारण तिच्यात इच्छा नाही. पण सांगता येते. आणि ज्याला ती तशी सांगता आली त्याला उत्क्रांती कळली असं मी खुशाल मानतो. रसायनशास्त्रात 'अणूला इलेक्ट्रॉन हवा असतो' म्हणतात, तिथेही हाच घोळ.

दुसरा धोका रंजक तपशिलांचा. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी १९९८ साली आकाशातली वीज कशी निर्माण होते यावरच्या पाठात मधेमधे मजेशीर पण विषयाशी संबंध नसलेली माहिती घातली. ज्यांनी तसा पाठ वाचला त्यांना मूळ कारणं कमी आठवली आणि ती वापरून प्रश्नही कमी सोडवता आले. रानवाटच्या गोष्टीतला ४.७ हा आकडा कारण सांगतो, म्हणून तो हवा. मेंडेलीव्हच्या दाढीचं वर्णन नको.

आणि आपल्याच भाषेत यावर फार जुना तोडगा आहे. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टान्त केशिराजबासांनी तेराव्या शतकात 'दृष्टान्तपाठा'त एकत्र केले. आंधळे आणि हत्ती ही कथा त्यातही आहे. त्याची रचना बघा. आधी सूत्र, मग दृष्टान्त म्हणजे गोष्ट, आणि मग दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या गोष्टीतलं काय सूत्रातल्या कशाला लागू पडतं ते. आपण वर्गात पहिले दोन टप्पे करतो आणि तिसरा ऐकणाऱ्यावर सोडून देतो. त्यामुळे मुलांना हत्ती लक्षात राहतो, सूत्र नाही. गोष्ट सांगून झाली की 'यातलं हे म्हणजे धड्यातलं ते' असं उघडपणे जुळवून दाखवायला हवं, आणि जिथे जुळत नाही तेही सांगायला हवं.

साशंक

खडूफळा, जिराफाचं उदाहरण चपखल. माझी हरकत बरीचशी याच जागेवर होती, मला ती इतकी नेमकी मांडता आली नसती. दार्ष्टान्तिकाची पायरी असेल तर माझा विरोध मागे.

जुनं पान

लोकसाहित्य हा माझा विषय, म्हणून थोडं सांगण्याच्या बाजूने. अनेक विद्यार्थी गोष्ट तयार करतात आणि मग ती गोष्टच शब्दशः पाठ करतात. तसं केलं की सगळं मुसळ केरात.

१९३० च्या दशकात मिलमन पॅरी आणि त्यांचे विद्यार्थी अल्बर्ट लॉर्ड यांनी तेव्हाच्या युगोस्लाव्हियात जाऊन तंतुवाद्यावर दीर्घ वीरगाथा गाणाऱ्यांची ध्वनिमुद्रणं केली. आव्दो मेजेदोविच नावाच्या गायकाने १९३५ साली गायलेली एक गाथा १२,००० ओळींच्या वर भरली. गायक सांगायचे की आम्ही गाणं शब्दन् शब्द तसंच गातो. मुद्रणं शेजारी ठेवून पाहिली तर दरवेळी शब्द वेगळे. त्यांच्याकडे कथेची चौकट पक्की होती, ठरावीक प्रसंग आणि ठरावीक शब्दबंध हाताशी होते, आणि प्रत्येक वेळी त्यातून गाणं नव्याने उभं राहत होतं.

अभ्यासालाही हेच लागू करा. एकच धडा तीन जणांना सांगायचा असेल तर तीन वेगळ्या जागांवरून सुरुवात करा. प्रकाशसंश्लेषण मेणबत्तीपासून सांगा, मग शेवटून म्हणजे सोस्यूरपासून मागे जा. सांगता आलं तर चौकट पक्की. फक्त एकाच वाटेने सांगता येत असेल तर तुमचं शब्दांचं पाठांतर झालंय एवढंच.

व्याख्या आणि कविता मात्र शब्दशः हव्यात, त्यांना हे लावू नका. तिथे पाठांतराला पर्याय नाही आणि त्यात कमीपणाही नाही.

शून्य

सगळे प्रतिसाद वाचले. विज्ञान झालं, इतिहासाचं जमेल असं दिसतंय. गणिताचं काय करायचं? तिथे काही घडतच नाही. सिद्धता म्हणजे एकाखाली एक ओळी. कुठली गोष्ट सांगू? मनापासून विचारतोय, पुढच्या महिन्यात परीक्षा आहे.

खडूफळा

शून्य, गणिताच्या गोष्टीत नायक असतो प्रश्न, आणि घटना म्हणजे 'असं करून पाहिलं, पण जमेना'.

लेओनहार्ड ऑयलरचा १७३६ सालचा प्रश्न घे. कनिग्सबर्ग शहराचे नदीने चार भाग केलेले, त्यांना जोडणारे सात पूल. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का? आधी पेन्सिल घेऊन वाटा काढून पाहा. एक पूल उरतोच. दुसरी वाट काढा, पुन्हा उरतो. आता इथे प्रश्न बदलतो, आणि हाच गोष्टीतला कलाटणीचा क्षण. 'वाट कुठली?' हे सोडून 'वाट का सापडत नाही?' असं विचारायचं. वाटेतल्या एखाद्या भागात एका पुलाने शिरलो तर बाहेर पडायला दुसरा पूल लागतो. म्हणजे पूल जोडीजोडीने संपतात. विषम पूल असलेला भाग फार तर सुरुवातीचा किंवा शेवटचा असू शकतो. असे भाग जास्तीत जास्त दोन चालतील. इथे चार भागांना पूल आहेत ५, ३, ३ आणि ३. चारही विषम. संपलं, वाट नाही.

पुस्तकात ही सिद्धता शेवटून सुरू होते, 'समजा असा मार्ग अस्तित्वात आहे'. पेन्सिलीने फसलेल्या वाटा तिथे छापत नाहीत. त्या आपण परत घालायच्या. कुठल्याही सिद्धतेची प्रत्येक ओळ वाचताना विचार, ही ओळ नसती तर मी कुठे अडकलो असतो? ते अडकणं सांगितलंस की गोष्ट झाली.

शून्य

म्हणजे ओळी तशाच, पण मधली अडचण मी भरायची. आज वर्गमूळ दोन अपरिमेय आहे याची सिद्धता घेतो. त्यात 'सामाईक अवयव नसलेले दोन पूर्णांक घेऊ' ही ओळ मला कायम उगाच घातल्यासारखी वाटते. ती नसेल तर काय अडतं तेच आधी बघतो.

कंदील

शून्य, तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. पुढे दोन्ही संख्या सम निघतात, आणि ती ओळ नसेल तर त्या सम असण्यात काहीच बिघडत नाही. पण बघच तू स्वतः, मी सगळं सांगत नाही.

रानवाट, एक राहिलं. सांगायचं कधी? वाचल्या वाचल्या की दुसऱ्या दिवशी?

रानवाट

कंदील, मी दोन्ही वेळा सांगते, पण भरवसा दुसऱ्या खेपेवर ठेवते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. वाचल्या वाचल्या सगळंच जमल्यासारखं वाटतं, तेव्हाच्या सांगण्यावरून काही ठरवू नये. दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत, पुस्तक न उघडता सुरुवात करावी, आणि अडलं तरी लगेच पान उघडू नये, जरा वेळ आठवू द्यावं.

खडूफळा, तुमची दार्ष्टान्तिकाची पायरी मी आजपासून घेतेय. सांगून झाल्यावर वहीत दोन रकाने करणार, डावीकडे गोष्टीतलं, उजवीकडे धड्यातलं, आणि न जुळणारं खाली वेगळं.

पागोळी, संख्याशास्त्राचं काय झालं ते इथेच लिही. प्रमाण विचलन कुणी गोष्टीत सांगून दाखवलं तर मलाही हवंय.